नग पाच, रंगासह

सकाळी ७.४०

साकीनाक्याला खैरानी रोडवरचा गाळा. बारा बाय अठरा. वर पत्रा, पत्र्यावर जुलैचा पाऊस, त्यामुळे आत सगळे थोडं ओरडूनच बोलतात. मामा शटर कमरेपर्यंत उचलतात, वाकून आत जातात, दिवे लावतात. शटर पुरतं वर जात नाही. पट्टी वाकली आहे. वेल्डर पाचशे मागतो, आणि मामांचं म्हणणं, कमरेएवढं उघडलं तरी माणूस आत येतोच.

टेबलावर जुनी चादर, चादरीवर पाच बंदुका. करड्या प्रायमरमधल्या. यातून कधी काही सुटणार नाही. एका वेब सिरीजमध्ये अंतराळयानावर बंड होतं आणि बंडखोर यानातल्या बोळांतून लढतात. त्यांच्या हातात या द्यायच्या. पटकथेत वर्णन एका ओळीचं: आखूड, जवळून मारायचं शस्त्र. बाकी मामांनी बघून घ्यायचं.

ऑर्डर अशी. दोन ‘हिरो’, म्हणजे कॅमेऱ्यापुढे जवळून दिसणाऱ्या, चाप ओढला की नळीच्या तोंडाशी उजेड होणाऱ्या. नगाला अठरा हजार. दोन ‘डमी’, मागच्या गर्दीच्या हातात द्यायला, साडेतीन हजारप्रमाणे. एक रबरी, पडायला आणि कुणाच्या डोक्यात घालायला, चार हजार. एकूण सत्तेचाळीस हजार. तीस टक्के आगाऊ मिळाले, ते सामानात गेले. उरलेले बिल लावल्यापासून नव्वद दिवसांनी. माल आज संध्याकाळी पाचच्या आत फिल्मसिटीत.

८.२०

पोऱ्या येतो. छत्री नाही, डोक्यावर सिमेंटची पिशवी. हातात चहाची किटली. चार कटिंग, चाळीस रुपये, वहीत लिहायचे. त्याच्या मागोमाग उस्ताद, रंगारी, मूळचे आझमगडचे. उस्तादांचा रोज चौदाशे, पोऱ्याचा सातशे. मामांचा रोज ठरलेला नाही. नव्वद दिवसांनी कळतो.

भिंतीवर छापील चित्रं चिकटवलेली आहेत. आर्ट डिपार्टमेंटच्या ताईंनी दिलेली. मामा बोट ठेवून सांगतात, ही अमकी, ही तमकी. नावं ते गाळतात, पण कुठला भाग कुठून आला ते बरोबर सांगतात. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखतवाल्या शिपायांची बंदूक म्हणजे ब्रिटिशांची स्टर्लिंग सबमशिनगन. नळीभोवतीच्या भोकांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या आणि ती परग्रहावरची झाली. त्याच सिनेमात हॅन सोलोकडे माउझर पिस्तूल आहे, १८९६च्या नमुन्याचं, वर दुर्बीण बसवलेलं. ‘ब्लेड रनर’चं पिस्तूल ऑस्ट्रियन रायफलीचा मधला भाग आणि अमेरिकन रिव्हॉल्व्हर जोडून केलं. ‘एलियन्स’मधल्या सैनिकांच्या रायफलीच्या पोटात तर थॉमसन सबमशिनगन आहे आणि तिच्या खाली शॉटगन.

म्हणजे तिकडे भविष्यातली बंदूक करायची तर आधी खरी बंदूक भाड्याने आणतात. मामांना ती सोय नाही. खऱ्या बंदुकीला हात लावायचा तर १९५९चा आर्म्स ॲक्ट, परवाना, हत्यारं पुरवणारा माणूस, त्याचं वेगळं बिल. मामांचं बजेट भंगाराचं.

स्टर्लिंगच्या चित्रापाशी ते थोडे थांबतात. “ही तर आपल्या पोलिसांकडची.” खरं आहे. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत परवान्यावर हीच बनत आली. आपल्याकडे तिला कार्बाइन म्हणतात. दस्ता मुडपला की १९ इंच, वजन पावणेतीन किलोच्या आतबाहेर. मामांनी मापं तिच्यावरूनच धरली. फक्त नळी जरा पुढे काढून एकूण २१ इंच केली. ताईंना पोस्टरवर लांब दिसायला हवी होती.

९.००

हिरो नंबर एक उघडी पडली आहे, वायरिंगसाठी. आतलं सगळं दिसतं.

नळी म्हणजे एक इंची सीपीव्हीसी पाइप, गरम पाण्याच्या लाइनचा. नळीचं तोंड रॉकेलच्या स्टोव्हचा पितळी बर्नर. कुर्ल्याच्या भंगारात किलोवर मिळाला, तिथे आता स्टोव्ह कुणी विचारत नाही. वरची फासळ्यांची पट्टी जुन्या अँप्लिफायरची हीटसिंक. पुढची मूठ ड्रिल मशीनचा बाजूचा हँडल. मागच्या मुठीवर क्रिकेटच्या बॅटची ग्रिप, ऐंशी रुपयांची, लाल होती म्हणून काळी रंगवली. मधला सांगाडा तेवढा नवीन. तो ताईंच्या ओळखीतल्या पोराने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिला.

प्रिंटरच्या सांगाड्यावर बारीक आडव्या रेघा असतात. त्या मारायला तीन दिवस गेले. पुट्टी, एकशेवीसचा पेपर, पुन्हा पुट्टी, दोनशेवीस, प्रायमर, मग पाण्यात बुडवून चारशेचा. पोऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. फोन अंगठ्याचा ठसा घेत नाही म्हणून तो आकडे दाबून फोन उघडतो.

त्या सांगाड्यावरून मामांनी सिलिकॉनचा साचा काढला आणि बाकीच्या चार त्यातून ओतल्या. साच्याचं काम त्यांचं घरचं. मामा पेणचे. चौदाव्या वर्षापासून गणपतीच्या कारखान्यात. साच्याची शिवण कुठे ठेवली की नजरेला येत नाही, बुडबुडा कुठे अडकतो, ओतताना धार किती बारीक हवी, हे त्यांना कुठल्या आर्ट कॉलेजने शिकवलेलं नाही. बंदुकीची शिवण त्यांनी खालून, चापाच्या कडीतून नेली आहे. मी शोधली. सांगितल्यावर सापडली.

१०.१०

भानगड. उस्तादांनी काळ्या रंगाचा पहिला हात मारला आणि दहा मिनिटांत रंगावर पांढुरकी साय चढली. हवेत इतकं पाणी आहे की थिनर उडताना तेच रंगात बसतं. उस्ताद मामांकडे बघतात, मामा पत्र्याकडे. कुणी काही बोलत नाही.

मग दोन हॅलोजन पेटतात, पाचशे वॉटचे. थर्माकोलचे तीन तुकडे उभे करून खोका होतो. बंदुका त्यात टांगतात, हवा गरम करतात, थिनरमध्ये सावकाश उडणारं रिटार्डर घालतात आणि पुन्हा हात. गाळ्यात आता श्वास घेणं कठीण आहे. उस्तादांच्या तोंडाला गमछा. मास्क खिळ्याला टांगलेला आहे, दाढीवर बसत नाही म्हणतात. दुसरा हात काळा राहतो. मीटर जोरात फिरतोय, तेवढं मामा एकदा जाऊन बघून येतात.

११.३०

इथून पुढचा दीड तास मला सगळ्यात आवडला.

आतापर्यंत टेबलावर पाच काळी खेळणी होती. छान, चकचकीत, खोटी. मामा चष्मा बदलतात. साध्या शिसपेन्सिलीचं, सहा बीचं शिसं पात्यावर घासून भुकटी करतात. तर्जनी त्या भुकटीत बुडवून काळ्या रंगावर फिरवतात, गोल नाही, लांबीच्या दिशेने. बोटाखाली काळा रंग निळसर राखाडी होतो आणि नजरेला तिथे लोखंड दिसू लागतं. प्लॅस्टिकच आहे, मी आत्ता टिचकी मारून पाहिली. तरी डोळा ऐकत नाही.

मग कोरडा ब्रश. चंदेरी रंगात बुडवून जवळजवळ सगळा रंग फडक्याला पुसायचा, आणि उरलेल्याने फक्त कडा शिवायच्या. कुठल्या कडा, हे खरं काम. पोऱ्याने परवा एका डमीवर सगळीकडे सारखं चंदेरी मारलं होतं. मामांनी ते पुसायला लावलं.

“बंदूक धर,” ते मला म्हणतात. मी धरतो. “आता खांद्याला अडकव. काढ. पुन्हा अडकव.” मी करतो. “बघ, अंगठा कुठे घासला? पट्ट्याची कडी कुठे आपटली? तिथला रंग जायला पाहिजे. बाकीचा कशाला जाईल?”

माझं मत सांगतो. अंतराळातल्या बंदुकांच्या चित्रांत लोक दिवे आणि पंख काढत बसतात. पण समोरच्याला पटते ती झिजलेली बंदूक. दहा वर्षं कुणाच्या तरी हातात होती असं वाटलं की ती कुठल्या ग्रहावरची, हे कुणी विचारत नाही.

शेवटी सगळ्यात बारीक ब्रश. बाजूला पांढऱ्या अक्षरात नंबर आणि एक लाल बाण. मामा श्वास रोखतात, करंगळी बंदुकीवर टेकवतात आणि एका ओढीत रेघ. पेणला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ते असंच करायचे. एका मूर्तीमागे तेव्हा किती मिळायचे, विचारलं तर हसतात. “तेव्हा जेवण असायचं.”

१.१५

डबे. मामांचा घरून, भाकरी आणि सुकटीची चटणी. उस्ताद समोरच्या खानावळीतून दाल-रोटी आणतात, नव्वद रुपये. पोऱ्या दोन वडापाव.

ताईंचा फोन येतो, गाडी कधी निघणार. फोन स्पीकरवर आहे तेवढ्यात मी त्यांना विचारतो, खऱ्या अंतराळवीरांकडे कधी बंदूक होती का? होती, त्या म्हणतात. रशियन सोयूझ यानांत १९८६पासून वीस वर्षांच्या आसपास तीन नळ्यांचं पिस्तूल असायचं, टीपी-८२. दोन नळ्या छऱ्यांच्या, एक गोळीची, आणि दस्ता काढला की त्याचा कोयता व्हायचा. अंतराळात मारायला नव्हे. १९६५मध्ये लिओनॉव्ह आणि त्याचा जोडीदार परतताना भलतीकडे, बर्फाच्या जंगलात उतरले होते. तिथे लांडगे, अस्वलं. म्हणून ती उतरल्यावरची सोय.

“कोयता चांगला,” मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणतात. “नारळ तरी फोडता येईल.”

दुसरा फोन पेणहून. मामांच्या भाच्याचा कारखाना आहे. गणपती तोंडावर आलेत, माणूस नाही, पोऱ्याला पाठवा. हजार रुपये रोज आणि जेवून-खाऊन. मामा “बघतो” म्हणतात आणि फोन उलटा ठेवतात. पोऱ्याने ऐकलं आहे. तो दुसऱ्या वडापावाचा कागद बराच वेळ नीट घडी करत बसतो.

२.१०

दिवे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली छोटी सर्किटं, एकशेवीसला एक. चापामागे जुन्या माउसमधला स्विच बसवला आहे, म्हणून चाप ओढला की क्लिक ऐकू येतं. आवाज नंतर डबिंगमध्ये घालतात, पण ते क्लिक नटाला बरं वाटतं म्हणे.

बर्नरच्या आत पिवळट एलईडी. किती वेळ पेटायचा याचा हिशेब आहे. कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेम घेतो, म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंद. उजेड एकाच फ्रेमला सापडला तर बघणाऱ्याला कळत नाही, रेंगाळला तर टॉर्च वाटते. मामांनी तीन फ्रेम धरल्या, एकशेवीस मिलिसेकंद. खरी ज्वाला कॉम्प्युटरवर रंगवतील. या दिव्याचं काम नटाच्या गालावर आणि भिंतीवर उजेड पाडणं. गालावरचा उजेड नंतर रंगवायचा तर फार पैसे पडतात, म्हणून तो इथे एकशेवीस रुपयांत.

आणि वजन. हिरो काट्यावर ठेवली तर साडेसातशे ग्रॅम. मामा मान हलवतात. हलकी बंदूक मनगटावरून ओळखू येते; नट ती फुलासारखी फिरवतो आणि सगळं सोंग फुकट. मुठीच्या पोकळीत सायकलचे छर्रे भरून वरून रेझिन ओततात. एक किलो शंभर. जास्त नको, रात्रभर धरायची आहे.

३.३०

छोटा हत्ती, म्हणजे टेम्पो, येतो. फिल्मसिटीपर्यंत नऊशे, थांबला तर तासाला दीडशे. बंदुका चादरीत गुंडाळून, त्यावर फोम, त्यावर ताडपत्री. मामा चलन लिहितात. ‘प्लॅस्टिक शो-पीस, नग पाच, रंगासह.’ बंदूक हा शब्द ते चलनावर लिहीत नाहीत. सोबत प्रॉडक्शनचं पत्र, शिक्क्यासह, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पिशवी कामाला येते. जेव्हीएलआरवर नाकाबंदी. हवालदार ताडपत्री उचलतो, चादर उचलतो आणि दोन पावलं मागे जातो. पत्र वाचतो. सगळं वाचतो, खालचा पत्तासुद्धा. मग हिरो नंबर दोन हातात घेऊन तोलतो. शेजारी उभ्या शिपायाच्या खांद्याला कार्बाइन आहे, पावसाने पट्टा काळा पडलेला.

“कुठली ही?”

“अंतराळातली,” मामा म्हणतात.

हवालदार चाप ओढतो. बर्नरमध्ये उजेड होतो. पुन्हा ओढतो. मग शिपायाकडे देतो, त्यालाही बघायची असते. “हलकी आहे राव,” शिपाई म्हणतो. “आम्हाला अशी द्या म्हणावं, बारा तास उभं राहायला.”

सात मिनिटं जातात. ड्रायव्हर घड्याळ दाखवतो.

४.४५

फिल्मसिटी. आरेच्या झाडीतून वर. फ्लोअरवर अंतराळयान उभं आहे, म्हणजे त्याचे दोन बोळ आणि एक दार. बाहेरून बघितलं तर प्लाय, चौकटी आणि टेकू. आत गेलं की पांढऱ्या पट्ट्यांचे दिवे, पाइप, जाळ्या. सेटिंगवाल्यांनी तीन रात्रीत उभं केलं.

प्लायचा ताव आठ बाय चार. म्हणून यानाचा बोळही चार फुटांचा. पण दोन्ही भिंतींवर नंतर पाइप आणि पॅनेलं बसली, चार-चार इंचांची. उरले तीन फूट चार इंच. मामा टेप काढून मोजतात आणि काही बोलत नाहीत. बंदुकीकडे एकदा बघतात.

ताई माल उतरवून घेतात. एक-एक नग दिव्याखाली धरतात. “मामा, काय झिजवलीय हो!” मामांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, पण ते खुर्ची ओढून बसतात. निघायचं होतं खरं तर.

७.५०

पहिला टेक. नट दारातून आत येतो, दोन पावलं, गर्रकन वळतो. बर्नर पॅनेलवर आपटतो. टक्. कट.

नळी मुळापाशी तडकली आहे. सेटवर पन्नास-साठ माणसं आहेत आणि सगळी एका पाइपाकडे बघत आहेत. कुणीतरी म्हणतं, दुसरी द्या. मामा म्हणतात, दुसरीही आपटेल, आधी ही बघू.

खिशातून फेविक्विक निघतं. दुसऱ्या खिशातून कागदाच्या पुडीत खाण्याचा सोडा. तडकलेल्या जागी चिमूटभर सोडा दाबतात, वर फेविक्विकचे दोन थेंब. चर्र होतं, जरासा धूर येतो, डोळ्यांत झोंबतो. पाचेक सेकंदांत तिथे दगड. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवतात, काळा मार्कर, पेन्सिलची भुकटी, बोट. चार मिनिटं. कॅमेरामन येऊन बघतो आणि तडा कुठे होता विचारतो.

दुसरा टेक. पुन्हा टक्. या वेळी नळी टिकली, पॅनेलचा रंग उडाला.

डायरेक्टर येतो. बोळ रुंद होणार नाही. सेटिंगवाले गेले आणि ओव्हरटाइमला पैसे नाहीत. तो बंदूक हातात घेऊन नळीवर बोट ठेवतो. “इथून दोन इंच कमी होतील?”

८.३०

होतात. मामा फ्लोअरच्या बाहेर, जनरेटरच्या व्हॅनजवळ, पावसापासून आडोसा बघून बसतात. हॅक्सॉ ड्रायव्हरकडून मागून घेतलेला. बर्नर उपटायचा, वायर आत ढकलायची, नळी कापायची, बर्नर पुन्हा बसवायचा. पाचही नगांना, नाहीतर कंटिन्युइटी जाते. सोबत आलेला पोऱ्या टॉर्च धरतो आणि कापलेल्या कडा घासतो. रबरी बंदूक करवतीला दाद देत नाही, ती कटरने सोलावी लागते.

कापून झाल्यावर पोऱ्या टेप लावतो. “एकोणीस,” तो म्हणतो.

“पेणला कधी जायचंय?” मामा वर न बघता विचारतात.

“तुम्ही सांगाल तेव्हा.”

“सोमवारी जा. गणपती झाले की ये.” मग जरा वेळाने, “भाच्याला सांगतो, अकराशे दे म्हणून. साचा येतो तुला आता.”

१०.४०

तिसऱ्या, पाचव्या, नवव्या टेकला बंदूक कुठेच लागत नाही. नट सरळ वळतो, नळी भिंतीपासून बोटभर दूर जाते, गालावर पिवळा उजेड पडतो. मॉनिटरवर बघणारे मान डोलावतात. मला विचाराल तर आखूडच बरी दिसते. ताईंचं पोस्टर काय ते ताई बघतील.

११.२५

प्रॉडक्शनचा माणूस चलन घेऊन येतो. सही करण्याआधी पेन थांबवतो. “मामा, बंदूक छोटी झाली. बिल पण छोटं करा की.”

मामा त्याच्या हातातून पेन घेतात. ‘नग पाच’च्या खाली नवी ओळ लिहितात. ‘कटिंग, जागेवर, रु. ५००. टेम्पो थांबला, सात तास, रु. १,०५०.’

माणूस वाचतो. पाचशेवर काट मारून तीनशे करतो. टेम्पोच्या ओळीपुढे ‘पावती जोडा’ लिहितो. मग सही, तारीख, शिक्का. पिवळी प्रत मामांची. नव्वद दिवस आजपासून नाहीत, बिल ऑफिसात पोचेल तेव्हापासून, असंही सांगतो. ऑफिस शनिवारी बंद असतं.

“जेवून जा,” तो म्हणतो. “पावभाजी आहे.”

पोऱ्या आधीच रांगेत आहे.